शनिवारची पेशी

आमच्या विदर्भात कोर्टाच्या तारखेला पेशी म्हणतात. आजोबांच्या धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, भांडणातल्या पेश्या मी लहानपणापासून ऐकत आले. आजोबा गेले, काका गेले, पेश्या चालूच राहिल्या. त्यामुळे शब्द तसा घरातलाच. पण गोलूनं तो माझ्यासाठी वापरला तेव्हा वही मिटता मिटता माझा हात थांबला.

"ताई, तुमची पेशी आता पुढच्या शनवारी नं? चार वाजता?"

"माझी पेशी?"

"म्हंजे तुमचं यायचं नं."

त्याच्या घरात 'आता पुन्हा कधी' याला तेवढा एकच शब्द होता. बाप आत आहे. आत म्हणजे कुठे, हे त्यांच्या वस्तीत कोणी फोड करून सांगत नाही. वर्धा रोडनं जाताना रहाटे कॉलनीच्या चौकाजवळ मेट्रोच्या खांबांआड जी लांबलचक भिंत लागते, ते नागपूरचं मध्यवर्ती कारागृह, 1864 चं. मी त्या भिंतीवरून वीस वर्षं बँकेत गेले-आले. चौकात सिग्नल लागला तर घड्याळ बघायचं, एवढाच काय तो तिच्याशी संबंध.

गोलू हे नाव मी बदललंय. खरं टोपणनावही असंच आहे, काडीसारख्या पोराला गोलू म्हणावं तसं. वय अकरा, महापालिकेच्या शाळेत सहावी. घरात आजी आणि चार वर्षांची बहीण. आई बालाघाटकडे माहेरी गेली, ती परतली नाही. तिला दोष द्यायला वस्तीत पुष्कळ लोक आहेत, मी त्यात भर घालत नाही. आजी धंतोलीतल्या दोन दवाखान्यांत झाडूपोछा करते आणि संध्याकाळी गुडघे धरून बसते.

या कामात मी काही मोठ्या तळमळीनं आले नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेली आणि शनिवारची दुपार खायला उठली. बँकेतल्या एका मैत्रिणीनं सांगितलं, असा असा गट आहे, आईबाप तुरुंगात असलेल्या मुलांबरोबर आठवड्याला दोन तास बसायचं. मला वाटलं, गणित शिकवू, गोष्टी सांगू. थोडं पुण्यही वाटलं असेल, खोटं कशाला बोला. दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं. तिथं आम्हाला 'मेंटर' म्हणायचे. आजी मात्र पहिल्या दिवसापासून 'शिकवणीवाली बाई' म्हणते, आणि ते मला जास्त झेपतं.

प्रशिक्षणात चार गोष्टी पुन्हा पुन्हा बजावल्या. गुन्हा विचारायचा नाही. वचन द्यायचं नाही. पैसे, कपडे, मोबाइल असलं काही द्यायचं नाही. आणि येते म्हटलं की यायचं. चौथी गोष्ट मी वहीत लिहूनसुद्धा घेतली नाही. त्यात काय लिहायचं!

पहिला नियम मी दुसऱ्याच महिन्यात मोडला. गोलूला विचारलं नाही, पण ई-कोर्ट्सचं ॲप उघडलं. त्यात पक्षकाराचं नाव टाकलं की खटला निघतो, कलमं निघतात, पुढची तारीख निघते. रात्री अकराला, स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून, मी एका माणसाचं नाव टाकलं. कलम वाचलं. ते इथे लिहीत नाही. त्यानंतरचे तीन शनिवार मी गोलूच्या हातांकडे बघत होते. तो भागाकार करायचा, पेन्सिलीला टोक काढायचा, बहिणीच्या पायातली चप्पल सरळ करून द्यायचा, आणि मी बघत होते की हे हात कोणासारखे आहेत. त्याला ते कळलं असावं. तिसऱ्या शनिवारी त्यानं हात मांडीखाली घेतले आणि म्हणाला, "आज लिहायचं नाई. तुमी वाचा." मी वाचलं. काय वाचलं ते आठवत नाही.

ॲप मी काढून टाकलं नाही. पेशीची तारीख त्यातच दिसते, आणि आजीला ती हवी असते.

पेशीचं गणित मला आजीनं शिकवलं. तारीख पडली म्हणजे सुनावणी झाली असं नसतं. बंद्याला कारागृहातून सिव्हिल लाइन्सच्या जिल्हा न्यायालयात आणायला पोलिसांचा पहारा लागतो, आजी त्याला 'गारद' म्हणते. गारद मिळाली नाही की बंदी येत नाही. पडद्यावरून हजर करायचं तर कधी लाइन जाते. बंदी आला तर साक्षीदार नसतो. साक्षीदार आला तर वकिलाला दुसऱ्या कोर्टात जायचं असतं. सगळे आले तर साहेब रजेवर. आजी अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून जाते, व्हरांड्यात बसते, आणि संध्याकाळी एक नवीन तारीख घेऊन घरी येते. गोलू ती कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांशेजारी लिहितो. त्या कॅलेंडरवर खोडलेल्या तारखा इतक्या आहेत की खालचे सणवार दिसत नाहीत.

देशभरात ही अशीच घरं आहेत. 2022 च्या अखेरच्या सरकारी आकड्यांत तुरुंगांमध्ये 5,73,220 माणसं होती आणि त्यातली 4,34,302 कच्ची कैदी, म्हणजे ज्यांचा निकाल लागलेला नाही अशी. आईबरोबर आत राहणारी मुलंही त्या अहवालात मोजलेली आहेत, 1,537 बायांबरोबर 1,764 मुलं. बाहेर राहिलेल्यांचा रकाना नाही. गोलू कुठल्याच आकड्यात येत नाही.

आत राहिलेल्यांपैकी एक मुलगी आमच्या गटात होती. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ ठेवता येतं, सर्वोच्च न्यायालयाचे 2006 चे तसे निर्देश आहेत. सहा झाल्यावर तिला मामेआजोबांकडे आणलं. पहिल्याच आठवड्यात तिनं दुकानातून बिस्किटाचा पुडा उचलला आणि शांतपणे चालू लागली. दुकानदार 'चोर' म्हणून ओरडला, घरी मार बसला. पोरीला पैसे देऊन वस्तू घ्यायची असते हेच माहीत नव्हतं. बराकीत जे यायचं ते वाटपात यायचं. तिच्याबरोबर बसणारी आमची सहकारी नंतर दोन महिने तिला घेऊन भाजीबाजारात जायची. दहाची नोट द्यायची, मेथीची जुडी घ्यायची, सुटे परत मोजायचे. पुस्तकं पिशवीतच राहायची.

गोलूचं तसं नाही. त्याला पैशांचा हिशेब माझ्याहून चांगला येतो. बापाच्या वकिलासाठी आजीनं गळ्यातली पोत मोडली, तिचा भाव त्याला ग्रॅमसकट पाठ आहे. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्यात तशी सोय आहे. आजीला ते पोत मोडल्यावर समजलं. नवीन फौजदारी कायदा आल्यावर कोणीतरी तिला सांगितलं, शिक्षेचा तिसरा हिस्सा आत काढला की पहिल्यांदा अडकलेल्याला सोडतात. ती माझ्याकडे आली, "बाई, तुमच्या मोबाइलात पाहा बरं." मी पाहिलं. तसं कलम आहे, आणि फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ते लागू नाही असंही त्यातच आहे. मी आजीला म्हटलं, "वकिलांना विचारा." मला उत्तर ठाऊक होतं. अजूनही त्या संध्याकाळचं मनात आलं की बरं वाटत नाही.

मुलाखतीचा दिवस शाळेच्या दिवसातच येतो. मुलाखत म्हणजे आतल्या माणसाची भेट. आधार कार्ड, नोंद, रांग, मग काच आणि काचेच्या दोन्ही बाजूंना फोन. बहिणीला दर वेळी वाटतं की फोन आपल्याकडेच राहणार. कोविडात प्रत्यक्ष भेटी बंद पडल्या आणि व्हिडिओवरची ई-मुलाखत आली, ती आता आजीचा गुडघा फार दुखला की उपयोगी पडते. शेजारच्या पोराचा फोन आणायचा, सगळ्यांनी त्यात तोंड घालायचं. मध्येच चित्र अडकतं. बहीण ओरडते, "बाबा हँग झाला!" आणि सगळे हसतात, आतून तोही हसत असेल, आवाज तेवढा येतो.

पण शाळेत हे सांगायचं कसं? म्हणून गोलूचं पोट दुखतं. मुलाखत असली की पोट, पेशी असली की पोट. एकदा बाईंनी आजीला बोलावून जंताचं औषध द्यायला सांगितलं. आजीनं दिलंही बिचारीनं. मी म्हटलं, "अरे, बाईंना खरं सांगू का मी?" तो एकदम म्हणाला, "नको. मंग त्या चांगल्या वागतीन."

यावर मला उत्तर सुचलं नाही. मीही त्याच्याशी चांगलीच वागत होते.

खरं तर लपवायला आपल्या भाषेनं जागाच ठेवलेली नाही. आपल्याकडे कोणत्याही पोराला रस्त्यात धरून काय विचारतात? 'कोणाचा रे तू?' तू कोण, हे नंतर. आणि नाव सांगायचं तर स्वतःचं, मग बापाचं, मग आडनाव. बाप मधोमध. हजेरीत, गुणपत्रिकेत, रेशनकार्डावर, बँकेच्या पासबुकात. 1 मे 2024 नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारनं आईचं नावही घालायला सांगितलंय, पण गोलू त्याच्या कितीतरी आधीचा, आणि त्याची आईही कागदाला सापडत नाही. त्यामुळे तो नाव विचारलं की पहिलं आणि शेवटचं सांगतो, मधल्यावरून उडी मारतो. वर्गात नवीन सर आले की पहिली हजेरी होईपर्यंत त्याचं खरंच पोट दुखतं.

ते मधलं नाव मी स्वतः दोनशे वेळा लिहिलं असेल. बालसंगोपन योजना आहे आपल्याकडे, सावित्रीबाईंच्या नावाची, मुलाला महिन्याला 2,250 रुपये. पालक तुरुंगात असलेलं मूल तिच्यात बसतं. पण बसवायचं म्हणजे उत्पन्नाचा दाखला, रहिवासी, बोनाफाईड, बाप आत असल्याचा कागद, मुलाच्या नावाचं खातं, आजी सांभाळते याचा पुरावा. सेतू केंद्रात सर्व्हर बंद, एका दाखल्यात आडनावाची वेलांटी चुकली म्हणून सगळं पुन्हा. बँकेत मी लोकांना 'कागद अपुरे आहेत' असं जन्मभर सांगत आले, त्याची पुरेपूर परतफेड झाली. मेंटर म्हणून मी काय केलं असं विचाराल तर हेच, रांगा लावल्या. शेवटी बालकल्याण समितीपुढे हजर व्हायचं होतं. गोलूनं केस ओले करून भांग पाडला होता. दाराशी मला हळूच विचारलं, "ही पण पेशीच?"

"नाही रे, इथं नुसतं बोलायचं असतं."

"मंग गारद काऊन उभी हाय?"

दाराशी एक होमगार्ड जांभया देत उभा होता.

यंदा 15 ऑगस्टला त्याला भाषण दिलं होतं, झेंडा सत्याग्रहावर. 1923 साली नागपुरात तिरंगा घेऊन निघालेल्यांना पकडपकडून त्याच भिंतीआड टाकलं, त्यात जमनालाल बजाज होते, विनोबा होते. मी चार ओळी लिहून दिल्या. 'हसत हसत तुरुंगात गेले' अशी एक ओळ होती. तिथं तो अडला.

"आपल्याच जेलात?"

"हो."

"त्यांले पोरं होती?"

"जमनालालजींना होती."

"मंग शाळेत त्यांले काय म्हनत?"

घरी येऊन मी हिशेब केला. त्यांचा मोठा मुलगा कमलनयन तेव्हा आठ वर्षांचा होता. पुढच्या शनिवारी सांगितलं. गोलूनं जरा विचार केला आणि म्हणाला, "त्यांले तर सांगता येत असन, बाबा कुठं हाय ते." भाषण त्यानं म्हटलं, छान म्हटलं. ती ओळ गाळली.

चौथ्या नियमाचं सांगायचं राहिलं.

मार्चअखेर होती. बँकेत मार्चअखेर म्हणजे काय ते बँकवाल्यालाच कळतं. त्या शनिवारी सहा वाजले तरी मी उठू शकले नाही. दुपारी आजीचा फोन लावला, तो रिचार्ज संपल्यामुळे बंद. त्याच्या पुढच्या शनिवारी अमरावतीला भाचीचं लग्न. मनाची समजूत काढायला कारणं काय, भरपूर असतात. दोन तासांचं तर काम, पगार ना पाणी, दोन खाडे झाले तर झाले. आम्ही बारा जणी-जण सुरू झालो होतो, दिवाळीपर्यंत पाच उरले होते. गेलेल्यांपैकी कोणीच वाईट नव्हतं. कोणाची बदली, कोणाची सासू, कोणाची मणक्याची नस.

तिसऱ्या शनिवारी गेले. वस्तीच्या तोंडाशी पिंपळाचा पार आहे, तिथं आम्ही बसतो. गोलू बसलेला होता. वही उघडली नाही. मी मार्चअखेर सांगितली, लग्न सांगितलं, पिशवीतून लग्नाचे लाडू काढले. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग अगदी कोर्टातल्या कारकुनाच्या आवाजात म्हणाला,

"साक्षीदार गैरहजर."

त्यात राग असता तर बरं झालं असतं. त्याला नवल वाटलेलं नव्हतं. मी त्या कॅलेंडरवरच्या खोडलेल्या तारखांत जाऊन बसले होते, गारद आणि वकील आणि साहेबांच्या शेजारी, आणि तिथं मला बसवताना त्याला काहीच जड गेलं नव्हतं. लाडू बहिणीनं खाल्ले. आजी नंतर म्हणाली, "दोन्ही शनवार दिवेलागणीपर्यंत बसला होता जी पारावर. म्या म्हनलं चाल घरात, तर म्हने, पुकारा झाला नाई अजून."

तेव्हापासून मी शनिवार चुकवला नाही, असं लिहायला आवडलं असतं. जुलैत एक चुकला, ताप होता. पण शुक्रवारीच शेजारच्या पोराच्या फोनवर निरोप दिला. गोलूनं फोन घेऊन विचारलं, "किती ताप?" मी सांगितला. "बरं," म्हणाला, "मंग अर्ज मंजूर."

पोळ्याच्या आठवड्यात आजीचा गुडघा सुजला आणि मुलाखतीला पोरांबरोबर जायला कोणी नव्हतं. शेवटी शेजारची मावशी त्यांना घेऊन आत गेली. ती दूरची का होईना नात्यातली, तिची नोंद होती. मी बँकेतून अर्धी रजा टाकून बाहेर थांबले. वर्धा रोडवर मेट्रोच्या सावलीत माझ्यासारखे बरेच जण उभे होते. एक म्हातारा कापडी पिशवी छातीशी धरून, एक बाई कडेवरच्या पोराला चिवडा भरवत. तिथं उभं राहिल्यावर कळलं, या फुटपाथवर कोणी कोणाला 'कोणासाठी आलात' असं विचारत नाही. माझी बँकेतली एक ओळखीची गिऱ्हाईक स्कूटीवरून गेली, तिनं पाहिलं, आणि मी चटकन मोबाइलमध्ये मान घातली. अकरा वर्षांचं पोर रोज काय करतं ते मी त्या एका मिनिटात केलं.

पोरं बाहेर आली. बहीण मावशीच्या खांद्यावर झोपली होती. गोलू फरशीवरच्या रेषा चुकवत चालत होता.

"काय म्हणाले बाबा?"

"इचारलं, तान्ह्या पोळ्याचा बैल घेतला का म्हने."

"मग?"

"घेतला म्हनलं."

"घेतलास?"

"नाई. मंग आता घ्या लागन नं."

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे लहान पोरांचा पोळा असतो. चाकांचे लाकडी बैल सजवून पोरं दारोदार फिरतात, लोक बोजारा देतात, दहा-वीस रुपये, खाऊ. त्याच दिवशी महाल-इतवारीकडून काळी आणि पिवळी मारबत निघते, म्हणजे मोठाल्या पुतळ्यांची मिरवणूक. गोलू दोन वर्षं तान्ह्या पोळ्याला निघाला नव्हता. दारोदार जायचं म्हणजे दारोदारी तोच प्रश्न.

महालात चितार ओळीत गेलो. ओळभर गणपती अर्धे रंगवलेले, त्यांच्या पायाशी बैलांची रांग. आजीनं त्याला दोनशे रुपये दिले होते. मला नियम माहीत होता, मी पर्स उघडली नाही, हात मात्र दोनदा तिकडे गेला. तो अर्धा तास घासाघीस करत होता. शेवटी एक चाक जरा वाकडं असलेला बैल दीडशेला मिळवला, आणि उरलेल्या पन्नासात शिंगांना लावायला बेगड आणि बहिणीसाठी पिपाणी. दुकानदारानं दोरी बांधता बांधता सवयीनं विचारलं, "कोणाचा रे तू? इकडचाच का?"

गोलूनं बैल उचलून काखेत घेतला. "इमामवाड्याकडचा," म्हणाला. दुकानदाराचं तेवढ्यानं भागलं.

बसस्टॉपपर्यंत तो बैल ओढत गेला, वाकडं चाक दर फेऱ्याला कुरकुरत होतं. बसमध्ये चढण्याआधी त्यानं मला थांबवलं.

"ताई, या शनवारी तान्हा पोळा हाय. तुमी याल तर मी नसन पारावर."

"बरं. मग पुढची पेशी?"

"त्याच्या पुढचा शनवार. चार वाजता." बैल पोटाशी धरून तो पायरी चढला, आणि वरून म्हणाला, "आन् या बरं. नाईतर वॉरंट काढीन."